झाडून दिलेलं आखर

आमच्या गल्लीच्या टोकाला आखर होतं. गावाची वस्ती जिथे संपते तिथली ही मोकळी जागा. पूर्वी गावाची गुरं सकाळी तिथे जमायची आणि गुराखी त्यांना चरायला घेऊन जायचा. पुढे गुराखी राहिला नाही, ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली, चौकात सिग्नलचा खांब आला, तो आजवर कधी लागलेला नाही. आखर मात्र तसंच राहिलं, कारण गुरं राहिली होती. फार नव्हती, पण आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना चिकटलेली आणि दारात मोटारसायकल लावली तर माणसानं अंग चोरून आत शिरावं अशी अरुंद. गुरं बांधायची तर आखरावरच. आमच्या दादाच्या दोन म्हशी आणि एक गाय तिथेच, पत्र्याच्या छपराखाली असायच्या. आजोबांचे खुंटे ज्या जागी होते तीच जागा. शेजारी कडबा, पलीकडे कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग, त्याच्या बाजूला गवऱ्या थापलेल्या. सोयाबीन निघालं की अर्धी गल्ली तिथेच वाळत घालायची. उन्हाळ्यात लग्नाचे मांडवही तिथेच पडायचे, आणि नवरदेवाचे जोडे शेणात भरले की मुलीकडचे लोक मनापासून हसायचे.

हे सगळं मी 'होतं' म्हणून सांगतो आहे, तेव्हा पुढचं तुम्हाला कळलंच असेल. कसं गेलं ते मात्र ऐका, कारण ते आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

म्हशी दादाच्या म्हणायच्या, पण खऱ्या त्या वहिनीच्या होत्या. दादा शेती बघायचा. धारा काढणं, शेण काढणं, सरकीची ढेप भिजवणं आणि मग किटल्या घेऊन नव्या कॉलनीत घरोघर रतीब घालणं हे वहिनीचं. आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. वहिनी नुकतीच लग्न होऊन आली होती, आणि आल्या आल्या तिच्या गळ्यात तीन जनावरं आणि एक दीर पडला. तिनं सगळ्यांना सारखंच वाढवलं. माझं कॉलेज त्या दुधावर झालं हे मी कुणालाही सांगतो, बायकोच्या माहेरच्यांनाही सांगतो. मला बुलढाण्याला कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली, संसार तिकडेच झाला, पण शनिवार आला की एसटीनं गावाकडे यायची सवय सुटली नाही. आलो की वहिनी घरात नसायची. सरळ आखरावर जायचं, ती तिथे सापडणार.

एकदा मी विचारलं, "वहिनी, तुला कंटाळा नाही का गं येत?"

ती म्हणाली, "म्हशीचा कायले कंटाळा यीन भाऊजी? कंटाळा मानसायचा येते."

दादाला चारचौघांत मान होता, पण तो त्याच्या स्वभावाला होता. दाराशी आलेला माणूस चहा न घेता गेला असं आमच्या घरी कधी झालं नाही. वीजबिलाची थकबाकी म्हणून मीटर कापायला आलेल्या वायरमनलाही त्यानं आधी चहा पाजला होता. मीटर कापलंच त्यानं, पण चहा पिऊन.

तर एके दिवशी नगर परिषदेनं ठरवलं की आखरावर घरकुलं बांधायची. नाल्याच्या काठाला टिनाच्या झोपड्यांत जे लोक राहतात त्यांच्यासाठी चार मजली इमारती, आणि रस्त्याच्या अंगाला दुकानांचे गाळे. नगर परिषदेच्या व्हरांड्यात नकाशा लावला होता. त्यात रंगीत झाडं होती आणि झाडांखाली रंगीत बायका मुलांचे हात धरून फिरत होत्या. त्यातली एकही बाई आमच्या गावची वाटत नव्हती.

एक सांगून ठेवतो, नाही तर मला गरिबांचा वैरी ठरवाल, तेव्हाही ठरवलंच होतं. नाल्याकाठच्या लोकांना घरं पाहिजेत याबद्दल माझं दुमत नव्हतं, आजही नाही. पावसाळ्यात त्यांच्या चुलीत पाणी शिरतं हे सगळं गाव बघतं आणि सगळं गाव विसरतं. पण नगर परिषदेची दुसरी मोठी जागा होती, कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागे. तिथे काट्यांशिवाय काही नव्हतं. घरं तिथेही उभी राहिली असती. फक्त तिथल्या गाळ्यांना गिऱ्हाईक मिळालं नसतं. खरं घोडं तिथे पेंड खात होतं, आणि हे नगर परिषदेतला प्रत्येक जण जाणून होता.

गल्लीची बैठक मारुतीच्या पारावर झाली. मजा म्हणजे नव्या कॉलनीतले लोकही आले. प्राध्यापक, बँकेतले, औषध दुकानवाले, धुतल्या कपड्यांतली माणसं. आखराच्या वासावरून जे आजवर आमच्याशी भांडत आले होते तेच आता आमच्या मांडीला मांडी लावून बसले. त्यांच्यातला एक जण उभा राहून म्हणाला, "उद्या इथे कसले कसले लोक येतील, आपल्या मुलीबाळी जातात-येतात." आमचे लोक माना डोलवायला लागले. मला लाज वाटली. मी म्हणालो, "आपण गुरांच्या जागेसाठी भांडतोय, माणसांविरुद्ध नाही." त्यावर आमच्याच गल्लीतला एक म्हातारा मला म्हणाला, "तू बुलढान्याले राह्यतं, तुले काय समजते?" अशी आमची एकजूट.

तरी आक्षेप घेतला. सुनावणी लागली. नगर परिषदेच्या सभागृहात पंखे जोरात फिरत होते आणि आमच्या म्हाताऱ्यांना थंडी वाजत होती. मुख्याधिकारी म्हणजे एक तरुण बाई होत्या. मला वाटलं होतं खेकसतील, पण त्यांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. वहिनी पहिल्यांदाच त्या इमारतीत आली होती. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहून एवढंच म्हणाली, "म्याडम, घरामंधी म्हैस बांधता येत नाई. आखर गेलं तं जनावरं इकाच लागतीन. मंग मी काय करू?" आणि खाली बसली. त्या दिवशी जेवढी भाषणं झाली त्यात तेवढंच कामाचं होतं.

बाई म्हणाल्या, "तुमचं म्हणणं, जागा वापरात आहे. आमच्या रेकॉर्डला ती मोकळी पडीक आहे. अभियंता येऊन स्थळपाहणी करतील. रोजचा वापर दिसला, तर दुसऱ्या जागेचा प्रस्ताव मी स्वतः सभेपुढे ठेवीन."

आम्ही बाहेर आलो. मी दादाला बाजूला घेतलं. "दादा, आता काही करायचं नाही. जे जसं आहे तसं राहू द्यायचं. साहेब येईल, म्हशी बघेल, शेण बघेल, लिहून नेईल. आपलं काम झालं."

"हाव," दादा म्हणाला. "बराबर हाय तुहं."

पाहणीच्या दिवशी मी रजा टाकली. सकाळच्या गाडीनं निघालो, स्टँडवर उतरून चालत गल्लीच्या टोकाला आलो आणि मला आखर ओळखूच येईना.

ते झाडलेलं होतं. नुसतं झाडलेलं नाही, पाण्याचा सडा मारलेला, धूळ बसवलेली. म्हशी नव्हत्या. छपराचे पत्रे काढून कुणाच्या तरी भिंतीला टेकवून ठेवले होते. कडबा नव्हता, कुटार नव्हतं, गवऱ्यांची रास जिथे असायची तिथे कुणीतरी चुन्याची रेघ ओढली होती. मधोमध एक छोटा मांडव, त्याखाली टेबल, टेबलावर फुलदाणीसकट चादर. आणि रांगोळी. आमच्या गल्लीतल्या पोरींनी रात्रीतून शिकून यावी तशी भलीमोठी रांगोळी, तिच्यात 'सुस्वागतम्'.

आमच्या भागात साहेब येणार म्हटलं की हात आपोआप झाडूकडे जातो. शाळेची तपासणी असो, मुलगी बघायला पाहुणे येवोत, नाही तर कलेक्टरची गाडी नुसती रस्त्यावरून जाणार असो, आम्ही झाडतो. गारपिटीचा पंचनामा करायला तलाठी येणार म्हणून पडलेलं पीक उचलून बांध साफ करून ठेवणारे शेतकरी मी या डोळ्यांनी पाहिले आहेत. पण ते दुसऱ्याचं होतं, तेव्हा हसू आलं होतं.

दादा डोक्याला स्वच्छ टोपी घालून मांडवात उभा होता. चेहरा लग्नघरच्या बापासारखा.

"दादा, हे काय केलंस?"

"काय केलं?"

"म्हशी कुठे आहेत?"

"वावरात नेल्या. सकाळीच नेल्या तुह्या वयनीनं."

"अरे, त्या बघायलाच तर साहेब येतोय!"

दादा काही बोलायच्या आत बैठकीतला तोच म्हातारा पुढे आला. "पावन्याले शेन दाखवतं काय बे कोनी? आपल्या घरी पावना येते तं आपन घर सारवतो का नाई? हे सरकारी मानूस. शेनात उभा करतं त्याले?"

"खुंटेसुद्धा उपटले?" मी विचारलं. कारण खुंटेही नव्हते, त्यांचे खड्डे बुजवून वर माती चोपली होती.

"पायात आले असते सायबाच्या," दादा म्हणाला.

मी घरी धावलो. वहिनी गॅसवरच्या पातेल्यात चहा ढवळत होती, अख्ख्या गल्लीचा चहा. पोह्यांची परात भरलेली. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मले इचारू नोका भाऊजी. मी नाई म्हनलं होतं. तुमच्या भावाले इचारा."

"मग नेल्यास कशाला म्हशी?"

ती ढवळायची थांबली. "सारे मानसं उभे होते दारात. म्हने, तुह्या तीन जनावरापाई साऱ्या गल्लीचं नाव खराब करतं काय? मंग नेल्या."

साहेब आले. तरुण पोरगा होता, मोटारसायकलवर आलेला, अंगात साधा शर्ट. इतकं स्वागत होईल याची त्याला कल्पना नसावी, तो बावचळलाच. त्याला टोपी घातली, उपरणं दिलं, नारळ दिला. तो म्हणाला, "अहो, मी फक्त पाहणीला आलोय." आमचे लोक कृतकृत्य होऊन हसले. मग त्यानं मोबाइल काढून फोटो घ्यायला सुरुवात केली, तर आमच्यातले दोघे त्याला जागा दाखवायला लागले. "सायेब, इकडून घ्या, इकडून सारं येते. तिकडून ऊन लागते डोळ्यात." त्यानं सगळं घेतलं. एवढं मोठं, सपाट, झाडलेलं, रिकामं मैदान.

मी पुढे झालो. "साहेब, इथे रोज गुरं असतात. आज तुम्ही येणार म्हणून हलवली आहेत. ते पत्रे बघा, ते छपराचे आहेत."

त्यानं पत्र्यांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. त्याला खरोखर वाईट वाटलं असावं. "असतील सर," तो म्हणाला. "पण मला दिसली पाहिजेत ना. मी न दिसलेलं कसं लिहू?"

"थोडं थांबा. अर्ध्या तासात म्हशी आणतो."

माझ्या खांद्यावर दादाचा हात पडला. "काऊन त्याले तरास देऊन राह्यला?" तो हळू आवाजात म्हणाला. "त्याले अखीन दुसरीकडं जायाचं हाय." आणि मग मोठ्यानं, "सायेब, चला, चहा घ्या पह्यले. घरच्या म्हशीच्या दुधाचा हाय."

साहेबानं चहा घेतला. म्हणाला, असा चहा बऱ्याच दिवसांत प्यायलो नाही. दुसरा कप मागून घेतला. मग टेबलाशी बसून पंचनामा लिहिला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवला. जागा मोकळी, स्वच्छ व कोणत्याही वापराविना आढळून आली. 'स्वच्छ' शब्द आला तेव्हा आमच्या लोकांनी एकमेकांकडे अभिमानानं बघितलं. पुढचे शब्द त्यांच्या कानांवरून गेले. एकेकानं जाऊन सही केली. चष्मा नसलेल्यांना सहीची जागा बोटानं दाखवावी लागली. मी सही केली नाही. त्यावर दादा माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलला नाही, कारण घरी आलेल्या माणसाचा मी अपमान केला होता.

वहिनीनं सही केली नाही, कारण तिला कुणी विचारलं नाही. ती वावरात गेली होती, म्हशी आणायला.

पुढचं सरळ झालं. आक्षेप फेटाळला गेला. मी जुने फोटो गोळा केले, लग्नातले, सोयाबीनच्या ढिगाचे, एक वहिनीचा, शेणाचं टोपलं डोक्यावर असलेला. ते घेऊन बाईंना भेटलो. त्यांनी एकेक फोटो नीट पाहिला. "सर, हे सगळं खरं असेल. पण पंचनाम्यावर तुमच्याच लोकांच्या सह्या आहेत. मी काय करू सांगा." मी बाईंना दोष द्यायला गेलो होतो, तो देता आला नाही. त्याचाच जास्त राग आला. बुलढाण्याला जिल्ह्याच्या ठिकाणीही निवेदन दिलं, शिक्का मारून घेतला. तो शिक्का आहे माझ्याकडे, दुसरं काही नाही.

कॉलनीवाले तोवर गळाले होते. नकाशात त्यांच्या बाजूला एक बगीचा आला आणि गरिबांच्या इमारती पलीकडे सरकल्या. एवढ्यानं त्यांच्या मुलीबाळींची काळजी मिटली.

भूमिपूजनाच्या दिवशी नगर परिषदेचा शिपाई बादली घेऊन आमच्या दारात आला. शेणाचा सडा टाकायचा होता, आणि गाईचं शेण आमच्याशिवाय जवळपास कुणाकडे नव्हतं. मी त्या दिवशी नव्हतो, वहिनीनं मला नंतर सांगितलं. मी विचारलं, "मग दिलंस?"

"मी काय देतो?" ती म्हणाली. "तुमच्या भावानं देल्लं. सोता भरून देल्लं, अन् बादली तिथलोक नेऊन देल्ली. शिपाई बुढा हाय म्हने, ओझं होईन."

आखराला टिनाचं कुंपण पडलं. म्हशी गल्लीत आल्या. गल्लीत बांधल्या तर रिक्षा जाईना, शेण नालीत गेलं तर नाली तुंबे. कॉलनीतून तक्रार गेली. ज्या घरांत वहिनीचं दूध जात होतं त्याच घरांतून गेली. रतीब चालू होता आणि तक्रारही चालू होती. सकाळी पातेलं पुढे करून दूध घेणारा हातच दुपारी अर्जावर सही करत होता. नगर परिषदेनं रस्त्यावर जनावरं बांधल्याबद्दल नोटीस काढली. मग वहिनीनं म्हशी वावरात ठेवून पाहिल्या. वावर नदीपलीकडे. अंधारात उठून जायचं, धार काढून किटल्या घेऊन परत यायचं. रानडुकरांची भीती, चिखलात पाय घसरायचा. एकदा ती पडली, दूध सांडलं, मनगट सुजलं. त्या दिवशी ती मोकळ्या किटल्या घेऊन दारोदार सांगत फिरली की आज दूध नाही. कॉलनीतल्या एकीनं दारातूनच म्हटलं म्हणे, "अगोदर सांगायचं ना, पिशवी आणली असती." पुण्याला असलेल्या दादाच्या मुलाचा फोन आला, विकून टाका. सगळ्यांनाच ते सोपं वाटत होतं, ज्यांना धार काढायची नव्हती त्या सगळ्यांना.

गाय मेहकरला आमच्या बहिणीकडे दिली. म्हशी देऊळगाव राजाच्या बाजारात गेल्या. गाडीत चढवताना वहिनी घरातून बाहेर आली नाही. गाडी सुरू झाल्यावर मात्र तिनं खिडकीतून दादाला हाक मारली. "घेनाऱ्याले सांगजा, मोठीच्या डाव्या अंगानं जाऊ नोको म्हना. लात मारते."

त्या रविवारी मी दादाशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून भांडलो. मनात साठलेलं सगळं त्याच्या तोंडावर फेकलं. नगर परिषदेनं नाही घेतलं आखर, तूच झाडून दिलंस. सजवून, रांगोळी काढून, चहा पाजून दिलंस. तुझ्या बायकोचं सगळं आयुष्य त्या खुंट्यांना बांधलेलं होतं, ते खुंटे तू साहेबाच्या पायात येतील म्हणून उपटलेस. बायकोच्या पायाखालचं गेलं त्याचं तुला काही नाही.

मला वाटलं होतं तो चिडेल. तो ओट्यावर बसला होता. चपलेच्या टोकानं माती उकरत होता.

"मले वाटलं," तो म्हणाला, "आपन चांगले लोक दिसलो तं ऐकतीन."

मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून अधिकच संताप आला. इतकी वर्षं आम्ही हेच करत आलो. कुणी मोठा माणूस दारात आला की आपलं खरं जगणं कोपऱ्यात ढकलून द्यायचं, त्याच्यावर चादर टाकायची, आणि मग आशेनं उभं राहायचं की हा आपल्याला चांगलं म्हणेल. तो म्हणतोही चांगलं. तेवढंच म्हणतो.

आता तिथे सांगाडे उभे आहेत. गाळे आधी पूर्ण झाले, त्यांना शटरही लागली. घरकुलांचं काम अधूनमधून चालतं, अधूनमधून थांबतं. नाल्याकाठचे लोक अजून नाल्याकाठीच आहेत. परवाच्या पावसात त्यांच्यातल्या काहींना शाळेच्या वर्गात नेऊन ठेवावं लागलं. म्हणजे आमचं जाऊन त्यांचं तरी भलं झालं, असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

तो तरुण अभियंता कामावर देखरेखीला येतो. माणूस वाईट नाही. दादा त्याला आवडतो, सगळ्यांनाच आवडतो. काम बघून झालं की तो आमच्या ओट्यावर येऊन टेकतो, पावसापाण्याचं बोलतो. मध्यंतरी एका शनिवारी तो आला तेव्हा मी घरीच होतो. ऊन उतरलं होतं. दादानं चटई टाकली, पाण्याचा तांब्या दिला आणि आत बघून म्हणाला, "चहा ठिव वं जरासा."

वहिनी दारात आली. पदर खोचलेला, हात कोरडे. "दूध नाई," ती म्हणाली.

दादानं ऐकलं न ऐकलं केलं. "असंन पाहा थोडं."

"नाई. घरात दूध नाई." या वेळी ती दादाकडे नाही, साहेबाकडे बघून बोलली. "म्हशी इकल्या सायेब. आखर तुमी घेतलं, म्हशी बजारात गेल्या. मंग दूध कुठून येईन?"

साहेबानं हातातला तांब्या खाली ठेवला. आमच्या घराच्या दारातून पाहुण्याला असं कुणी कधी बोललं नव्हतं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. एकदाचं कुणीतरी शेण दाखवलं. साहेबाचा चेहरा उतरला होता. "राहू द्या काका," तो पुटपुटला आणि उठायला लागला. मी मनात म्हटलं, ऊठ. जा. एकदा तरी या ओट्यावरून चहा न घेता जा.

पण दादानं त्याचा हात धरला. "असे कसे जाता सायेब? बसा बसा. बायका बोलतात, मनावर घ्यायाचं नाई." खुंटीवरची पिशवी काढली, पायात चपला सरकवल्या आणि कॉलनीतल्या दुकानातून पिशवीचं दूध आणायला तो लगबगीनं निघाला. आता त्याला नीट चालवत नाही, तरी तो जवळजवळ पळत होता.

साहेब पुन्हा बसला. काय करणार बिचारा?

वहिनी गल्लीकडे बघत उभी होती. दादा वळणावर दिसेनासा झाला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता, आणि तो बघता बघता विझला.

"आता बसलाच हाय तं," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं.